निर्णय जूनमध्ये होत नाही

"कितीही सांगा, हे लोक ऐकतच नाहीत." खरीपपूर्व बैठकीतून बाहेर पडताना एका अधिकाऱ्याने उच्चारलेलं हे वाक्य मनातून जात नाही. लातूर-नांदेडच्या शेतकऱ्याला नवं नकोच असतं, हे खरं नाही. याच लोकांनी ज्वारीची रानं सोयाबीनखाली आणली. सुमारे 100 दिवसांत पीक हाती, आडतीवर रोख पैसा, मागे हरभऱ्याला रान मोकळं. शिवाय पहिल्या वर्षी एका बॅगेपुरतं करून पाहता येत होतं.

म्हणून मी नव्या गोष्टींचे दोन प्रकार मानतो: कोपऱ्यात करून पाहता येणाऱ्या आणि दुसऱ्याच्या हातात असलेल्या. रुंद सरी-वरंब्यावरची (बीबीएफ) पेरणी दुसऱ्या प्रकारातली. जास्तीचं पाणी सरीतून निघून जातं, पावसाने ताण दिला तरी ओल टिकते, हे दोन एकरवाल्यालाही पटलेलं असतं. पण ट्रॅक्टर भाड्याचा, त्यामागे बीबीएफ यंत्र असेलच असं नाही, आणि वाफसा कुणासाठी थांबत नाही. मिळेल त्या यंत्राने तो पेरून घेतो.

इथवर माझी बाजू सोपी. अडते ती उगवण चाचणीपाशी. घरच्या सोयाबीनचे 100 दाणे ओल्या गोणपाटात ठेवायचे, आठवडाभराने कोंब मोजायचे. 70 उगवले तर बियाणं पेरण्याजोगं. ना पैसा, ना ट्रॅक्टर. 2020च्या जूनमध्ये सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा ढीग लागला, प्रकरण औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं. तरीही अनेक घरांत ही चाचणी होत नाही. मग अधिकाऱ्याचंच खरं?

पण चाचणीला आधी घरात दाणा हवा. तो ऑक्टोबरात राखावा लागतो आणि नेमकी तेव्हाच दुकानाची उधारी, मजुरी, दिवाळी, रब्बीचा खर्च दारात उभा असतो. सगळा माल आडतीवर जातो. राखला तरी सोयाबीनचं साल नाजूक. मळणीयंत्र जोरात फिरलं की अंकुर दुखावतो. 2019च्या परतीच्या पावसात भिजलेल्या दाण्याने पुढच्या पेरणीचं बरंचसं आधीच ठरवून टाकलं होतं.

आता मला 'कोपऱ्यात करून पाहता येतं का' एवढं धोक्याचं गणित पुरेसं वाटत नाही. लहान शेतकऱ्याला ठरवण्याची मोकळीक कधी असते, हे आधी पाहायला हवं. प्रात्यक्षिक मळणीच्या वेळी, खळ्यावर व्हावं. बियाण्यासाठी राखलेल्या दोन पोत्यांवर त्याच आठवड्यात उचल मिळावी. एवढं करूनही कुणी ऐकलं नाही, तरच त्याच्या मानसिकतेची चर्चा करण्याचा अधिकार आपल्याला पोचतो.