न दिसण्याचा पुरावा

बऱ्हाणपूरच्या कुंडी भंडाऱ्याचा फोटो छापायला घेतला की कुठल्याही प्रिंटरचा कस लागतो. सतराव्या शतकाच्या आरंभी, मुघल सरदार अब्दुर्रहीम खानखानानच्या काळात, सातपुड्यातून झिरपणारं पाणी शहरापर्यंत आणण्यासाठी हे भुयार खोदलं. भुयारावरच्या विहिरीच्या तोंडातून कडक ऊन खाली उतरतं, भिंतीवर चुन्याची पांढरी पुटं चढलेली, आणि थोडं पुढे मिट्ट काळोख. तो काळोख कागदावर सलग काळा उमटला की पाहणारा बिनदिक्कत म्हणतो, ‘तिथे काही नाही.’ हे म्हणण्याचा अधिकार त्याला कशाने मिळतो?

मीमांसक कुमारिल भट्टांच्या परंपरेने आणि अद्वैत्यांनी अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न दिसणं, हे अभाव जाणण्याचं स्वतंत्र प्रमाण मानलं, पण एका अटीवर: वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी स्थिती हवी. सतराव्या शतकातल्याच ‘वेदान्तपरिभाषे’त धर्मराजाध्वरींद्रांनी हे नेमकं मांडलं आहे. लख्ख उजेडात घडा दिसला नाही तर तो नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच ठरत नाही. धर्म-अधर्म तर इंद्रियांचे विषयच नव्हेत, त्यामुळे ते दिसत नाहीत एवढ्यावरून ते नाहीत असं ठरत नाही. प्रिंटरची चाचणी याच अटीची तपासणी करते. 0 (पूर्ण काळा) ते 255 (कोरा पांढरा) या मापावरचे 0, 5, 10, 15 असे गडद आणि 240, 245, 250, 255 असे फिकट चौकोन एका पट्टीत छापायचे, शाई वाळू द्यायची, चांगल्या उजेडात पाहायचं. 5 चा चौकोन 0 मध्ये विरला, तर तेवढ्या गडद भागाबद्दल या शाई-कागदाची साक्ष धरायची नाही. 250 कोऱ्या कागदात मिसळला, तर चुन्याच्या पुटांवरच्या बारीक सुरकुत्यांबद्दलही नाही. (उजेडही लपवतो, हे आपल्या अध्यात्मचर्चेत फार क्वचित येतं.)

मग अंधाराच्या आडून कुणीही काहीही खपवेल, हा आक्षेप रास्त आहे. पण चाचणीने ‘नाही’ मागे घेतलं जातं, ‘आहे’ सिद्ध होत नाही. फोटोतल्या सावल्या जबरदस्तीने उजळल्या की सेन्सरचा नॉइज ठिपक्याठिपक्यांनी वर येतो आणि हवे ते आकार त्यात सापडतात. पुष्कळ साक्षात्कारांची मला हीच शंका येते. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: पट्टी पाहणारा डोळाही अपुराच, मग त्याची चाचणी कोण घेणार? पट्टीचं बळ डोळ्यात नाही, चौकोनांचे आकडे आधीपासून ठाऊक असण्यात आहे. ईश्वराबाबत अशी पट्टी कुणाकडेच नाही, म्हणून तो न दिसण्यावरून नास्तिकाला निकाल देता येत नाही, आणि आस्तिकालाही त्यातून काही हाती लागत नाही. अंगाऱ्याने ताप उतरतो, या दाव्याची गोष्ट मात्र वेगळी. उतरला असता तर थर्मामीटरवर दिसलाच असता. तिथे न दिसणं हा पुरता पुरावा आहे, आणि तिथे ‘नाही’ म्हणायला श्रद्धावंतानेही कचरू नये.