पश्चात्तापाचे भांडवल

परपीडेवर पैसा मिळवू नये, हे तत्त्व सर्वांस मान्य आहे. परंतु परक्याच्या पश्चात्तापावर पैसा मिळवावा की न मिळवावा, याचा विचार आपल्याकडे फारसा झालेला दिसत नाही. पूर्वी पश्चात्तापाला प्रायश्चित्त होते, दक्षिणा होती, तीर्थयात्रा होती. आणि या तिहींच्या वाटेवर कोणी ना कोणी चार पैसे मिळवीतच होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र भागभांडवल घालून, वर्षाअखेर किती टक्के सुटतील याचा अंदाज बांधून, दुसऱ्याच्या पस्तावण्याचा धंदा काढण्याची सोय आपल्या काळात झाली. अंगावरचे गोंदण पुसून देणारे दवाखाने हे तिचे एक चांगले उदाहरण आहे, आणि त्यात पैसे गुंतवणाऱ्याची नैतिक जबाबदारी कोठवर पोचते, हे येथे पाहावे असे आम्ही योजिले आहे.

विचार नेहमी हवेत तरंगू नये म्हणून तो एका गावात उतरवू. बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात, लोंढा आणि खानापूर या स्थानकांच्या मध्ये, गुंजी हे माउली देवीचे गाव आहे. समजा, या गावातील एका गृहस्थाने नोकरीतून निवृत्त होताना काही पुंजी गाठीशी बांधली आहे. बेळगावच्या एका होतकरू त्वचारोगतज्ज्ञाने त्याला निरोप धाडला की, यंत्र तुमच्या पैशाने घेऊ, हात माझा, नफा निम्मानिम्मा. त्या गृहस्थाने पैसे घालावेत काय? प्रश्न आम्ही रचलेला आहे, पण तो गुंजीस फारसा परका नाही. गुंजीहून लोंढ्याकडे जाणारी गाडी पुढे कॅसलरॉकचा घाट उतरून गोव्यात जाते. तेथे कळंगुट, बागा, हणजूण या किनाऱ्यांवर गोंदण्याची दुकाने आहेत, आणि गोव्यात कामाला किंवा मौजेला गेलेले आमच्या भागातील तरुण दंडावर, मानेवर काहीबाही काढून परत येतात. उलट दिशेची गाडी बेळगावला जाते. तेथे १९२२ पासून मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, आणि खानापूरपासून निपाणीपर्यंतच्या घराघरांत सैन्यभरतीचे स्वप्न पाहणारा एखादा मुलगा असतोच. एका टोकाला गोंदून घ्यावे आणि दुसऱ्या टोकाला ते आड यावे, अशी या लोहमार्गाची रचना होऊन बसली आहे.

गोंदण ही आपल्याला नवी वस्तू नव्हे. पूर्वी गोंदणाऱ्या बाया सुया घेऊन गावोगाव फिरत. कानडी मुलखात हे काम बहुधा कोरवी समाजाच्या स्त्रिया करीत, आणि कानडीत गोंदणाला हच्चे म्हणतात. काजळीत पाल्याचा रस कालवून, मुलीचा हात दोघींनी घट्ट धरून, कपाळावर चंद्रकोर, हनुवटीवर ठिपका, मनगटावर तुळशीवृंदावन टोचले जाई. मोबदला सुपभर दाण्यांचा किंवा जुनेराचा. मेल्यावर दागिना येथेच राहतो, गोंदण तेवढे बरोबर येते, ही त्यामागची श्रद्धा. मुलीला कोणी विचारीत नसे. आजच्या मापाने मोजले तर हा तिच्या देहावर केलेला अतिक्रमच म्हणावा लागेल. तरीही निपाणीच्या विडी वळणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी किती जणींना आपले गोंदण पुसावेसे वाटले असेल, असा प्रश्न केला तर उत्तर शोधावयास फार दूर जावे लागणार नाही. तिच्या संमतीवाचून उमटलेली खूण तिने आपली मानली. नात मात्र स्वतः निवडलेले, स्वतःच्या पैशाने काढलेले चित्र दोन वर्षांत पुसावयास निघते. निवड आपली असली म्हणजे वस्तू आपली होतेच, असे समजणाऱ्या पंडितांनी या आजी-नातीकडे एकदा पाहावे.

आता पुसणे म्हणजे काय होते तेही समजून घेतले पाहिजे, कारण भांडवलदाराचे कर्तव्य त्यातूनच निघते. शाई त्वचेच्या वरच्या थरात असती तर तो थर झडताना तीही गेली असती. ती खालच्या थरात असते, आणि तेथील भक्षक पेशी तिचे कण गिळून बसतात. फ्रान्समधील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून असे दाखवले की, या पेशी मरतात तेव्हा शाईचे कण मोकळे होतात आणि त्यांच्या जागी आलेल्या नव्या पेशी ते पुन्हा गिळतात. म्हणजे गोंदण एकदा उमटून टिकत नाही. शरीर ते पुनःपुन्हा धरून ठेवते. लेसरचे काम ही धरणूक सैल करण्याचे. अमेरिकेतील अँडरसन व पॅरिश यांनी १९८३ मध्ये जो सिद्धान्त मांडला त्याचे सार असे की, विशिष्ट रंगाचा किरण अत्यल्प काळ सोडला तर तो रंग शोषणारे कणच तापून फुटतात आणि भोवतालची त्वचा बचावते. आजची यंत्रे सेकंदाच्या अब्जांश भागात मोजावे लागतील असे झोत सोडतात. फुटलेले बारीक कण शरीर हळूहळू वाहून नेते. काळी शाई १०६४ नॅनोमीटरच्या किरणाला पुष्कळ दाद देते. हिरवी, पिवळी दुराग्रही असते. गंमत अशी की, जिला पुसण्याची इच्छा नाही त्या आजीची काजळी सर्वांत लवकर जाईल, आणि किनाऱ्यावरच्या दुकानातील नातीचा रंगीत मोर सर्वांत अधिक छळेल.

छळेल, म्हणजे पैशानेही छळेल. एका बैठकीत काम भागत नाही. दोन बैठकींमध्ये साधारणतः सहा ते आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात, अशा अनेक बैठकी होतात, आणि प्रत्येकीला हजारांच्या नोटा मोडतात. इतके करून आमच्यासारख्या सावळ्या कातडीवर पांढुरका किंवा काळपट डाग उरण्याचे भय असते. पूर्वीची कोरी त्वचा परत मिळेल असे वचन प्रामाणिक वैद्य देत नाही. बाजारात मलमे मिळतात, त्यांची तर कथाच नको. अमेरिकेच्या अन्नौषध प्रशासनाने गोंदण घालवणाऱ्या एकाही मलमाला मान्यता दिलेली नाही.

अशा धंद्याविरुद्ध पहिला आक्षेप असा येतो की, हा माणसाच्या चुकीवर जगतो. हा आक्षेप आम्हांस लंगडा वाटतो. वैद्य रोगावर जगतो, वकील भांडणावर, आणि मोडक्या बैलगाड्या नसत्या तर गावचा सुतार अर्धपोटी राहिला असता. निपाणीची बाजारपेठ तर तंबाखूवर उभी राहिली. त्या पैशातून घरे उठली, मुले शिकली, आणि त्या भांडवलाला कोणी अशी नीतीची तपासणी लावल्याचे आमच्या ऐकिवात नाही. त्यामानाने डाग पुसणारा डाग लावणाऱ्यापेक्षा बराच म्हटला पाहिजे. खरी अडचण वेगळी आहे. रोगावर जगणारा चांगला वैद्य हा रोगी बरा होऊन परत येऊ नये अशी इच्छा करू शकतो. त्याची विद्या त्याला तसे शिकवते, आणि रोग्याचा चेहरा त्याच्यासमोर असतो. गुंजीत बसलेल्या भागीदारासमोर चेहरा नसतो. त्याच्यासमोर आकडा असतो. बैठकी वाढल्या की आकडा वाढतो. भांडवलाला डोळे नसतात म्हणून ते दुष्ट ठरत नाही, पण ज्याला डोळे आहेत त्याने ते मिटून घेतले तर दोष भांडवलाचा राहत नाही.

भरतीचेच उदाहरण घेऊ. सैन्यभरतीच्या जाहिरनाम्यांत गोंदणाचा नियम छापलेला असतो. कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत हाताच्या आतील भागावर, आणि पंजाच्या पाठीमागच्या बाजूवर कायमचे गोंदण चालते. शरीरावर इतरत्र चालत नाही. आदिवासी जमातींच्या उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे तोंडावर वा अंगावर खुणा असल्यास प्रत्येकाची बाब पाहून सूट मिळते. आता असे समजा की दोन मुले दवाखान्यात आली. पहिल्याच्या मनगटाच्या आत आईचे नाव आहे. ते पुसण्याची त्याला मुळीच गरज नाही. पण गावात कोणीतरी त्याला भिववले आहे, आणि तो बापाने उसने आणलेले पैसे घेऊन आला आहे. दुसऱ्याच्या दंडावर वाघ आहे. त्याला गरज आहे, पण भरती महिन्यावर आलेली. एवढ्या अवधीत वाघ जाणार नाही, फार तर त्याचे मांजर होईल आणि वर जखम दिसेल. या दोघांनाही जो दवाखाना खरे सांगेल त्याला त्या दिवशी एक पैचे उत्पन्न नाही. खोटे बोलावयाचीही जरुरी नाही. नुसते गप्प राहिले, मुलांनी मागितले ते दिले, की गल्ला भरतो. या धंद्यातील पाप असलेच तर ते या मौनात आहे असे आमचे मत आहे. ते मौन डॉक्टर पाळतो, परंतु यंत्राच्या हप्त्याची तारीख डोळ्यांपुढे नाचू लागली म्हणजे ते पाळण्याचा मोह त्याला होतो, आणि हप्ता व नफा यांची घाई बहुधा भागीदाराची असते.

दुसरी गोष्ट लाजेची. माणसाला स्वतःच्या कृत्याचा पस्तावा होणे आणि दुसऱ्याने त्याला लाजवणे, या दोन भिन्न अवस्था आहेत, जरी दवाखान्याच्या दारात त्या सारख्याच दिसतात. खूण लाजेसाठीही उमटवता येते हे इतिहासाला ठाऊक आहे. इंग्रजी अमलात बंगालमध्ये १७९७ च्या नियमाने खोट्या साक्षीसारख्या गुन्ह्याबद्दल अपराध्याच्या कपाळावर त्याचा गुन्हा गोंदण्याची शिक्षा होती. कागदोपत्री तिचे नाव गोदना, म्हणजे आपल्याच शब्दाच्या कुळातले. १८४९ मध्ये ती बंद झाली. १९७५ च्या 'दीवार' चित्रपटातील मुलाच्या हातावर जमाव बापाची बदनामी गोंदतो, हे आमच्या बहुतेक वाचकांस आठवत असेल. अशी खूण पुसून देणाऱ्याला आम्ही पुण्यवानच म्हणू. परंतु तेथेही निर्णय ज्याच्या देहावर खूण आहे त्याचा. प्रीमो लेव्ही या इटालियन लेखकाच्या हातावर आउश्वित्झच्या छळछावणीत १७४५१७ हा अंक गोंदला होता. तो पुसून का टाकीत नाही, असे लोक त्यास विचारीत; त्याने तो पुसला नाही, आणि १९८७ मध्ये तो वारल्यावर तूरिन येथील त्याच्या थडग्यावर नावाखाली तोच अंक कोरला गेला.

म्हणून दवाखान्याची जाहिरात आम्हांस यंत्रापेक्षा अधिक धोक्याची वाटते. गिऱ्हाईक कमी पडू लागले म्हणजे पस्तावा निर्माण करावा लागतो. हनुवटीचा ठिपका म्हणजे गावंढळपणा, नातवाच्या लग्नाच्या छायाचित्रात आजीचे कपाळ बरे दिसत नाही, असे कोणीतरी गोड शब्दांत सांगू लागते. ज्या म्हातारीने साठ वर्षे ती चंद्रकोर मिरवली तिला आपल्याच कपाळाचा संकोच वाटावयास लावणे, हे सुईने टोचण्यापेक्षा कमी दुखवणारे नाही. सुई टोचणारीने निदान दागिना दिला असे तिला वाटत होते.

हा धंदा नफ्यावाचून चालवता येतो, असे एक उदाहरण आहे. लॉस एंजेलिस शहरात ग्रेगरी बॉइल या जेझुइट धर्मगुरूने १९८८ मध्ये सुरू केलेल्या कार्यातून होमबॉय इंडस्ट्रीज ही संस्था उभी राहिली. टोळ्या सोडून आलेल्या तरुणांच्या तोंडावरील, मानेवरील टोळीच्या खुणा ती विनामूल्य काढून देते आणि डॉक्टर त्यासाठी आपला वेळ देतात. तोंडावर टोळीचे नाव वागवणाऱ्याला काम कोण देणार? तेथे पुसणे म्हणजे पोटाची सोय. परंतु हे उदाहरण दाखवून गुंजीच्या गृहस्थाला धर्मार्थ दवाखाना काढावयास सांगणे शहाणपणाचे नव्हे. त्याची पुंजी म्हातारपणाची आहे, यंत्र महाग आहे, आणि ज्याचे काम नीट होते त्याने त्याचे मोल द्यावे यात वावगे काही नाही. गोव्यातील एखाद्या दुकानदाराने गोंदणे आणि पुसणे ही दोन्ही कामे एकाच छपराखाली आणली, तर मात्र त्याच्यापासून या गृहस्थाने चार हात दूर राहावे. एका हाताने जखम करून दुसऱ्याने पट्टी विकणाऱ्याशी भागीदारी आम्ही कोणालाही सुचवणार नाही.

तेव्हा पैसे घालण्यास आमची हरकत नाही. पण करारावर सही करण्यापूर्वी त्याने काही गोष्टी लिहून घ्याव्यात. भरतीचा नियम मराठीत व कानडीत दारावर लावलेला असावा. पहिल्या भेटीत, पैसे घेण्यापूर्वी, किती बैठकी लागतील आणि काय उरेल हे सांगितले जावे. जाहिरातीत कोणाच्याही आजीचा चेहरा नसावा. डॉक्टराचा मोबदला बैठकींच्या संख्येला बांधलेला नसावा. ही अट सर्वांत कठीण, आणि होतकरू डॉक्टर बहुधा येथेच अडून बसेल. तो अडला तर गृहस्थाने संतापू नये, त्याचीही पोरेबाळे आहेत. पण पैसेही देऊ नयेत. आणि करार झालाच तर दर महिन्याला बेळगावला जाऊन जमाखर्चाच्या वहीबरोबर दुसरी एक वही पाहावयास मागावी, जिच्यात गरज नाही म्हणून किंवा वेळ उरला नाही म्हणून परत पाठवलेल्यांची नोंद असेल. भरतीच्या हंगामात ती वही कोरी दिसली, तर कोणाला काय सांगितले गेले नाही, हे त्याने तेथेच बसून डॉक्टराला विचारावे.