कडू भाजीविना सण

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त अमेरिकेत गेलो असता ऑक्टोबरातील एक शनिवार मी मेरीलँड राज्यातील 'रेनेसान्स' जत्रेत घालवला. माझ्या भाचीचे कुटुंब तिकडे असते; तिच्या लहान मुलीचा हट्ट मला मोडवेना. प्रबोधनकाळाचा देखावा उभा करणाऱ्या अशा जत्रा त्या देशात १९६३ पासून भरत आल्या आहेत. मेरीलँडची १९७७ साली सुरू झाली. क्राउन्सव्हिल येथील झाडीत सोळाव्या शतकातील इंग्लंडचे एक गाव वसवलेले असते व त्यावर आठवा हेन्री राज्य करीत असतो.

दिवस आनंदात गेला, हे प्रथम सांगितले पाहिजे. लोहार तापल्या लोखंडावर घण घालीत होता, घोडेस्वार भाले रोखून एकमेकांवर धावून जात होते, लोक टर्कीच्या भाजलेल्या तंगड्या हातात धरून खात हिंडत होते. दुपारी राजाची स्वारी आली. सारे लवून अभिवादन करू लागले. मोलकरणीचा झगा घातलेली आमची पोर माझा हात ओढीत म्हणाली, "आजोबा, वाका ना! राजा आलाय!"

माझी मान लवेना. त्याच महिन्यात, १५३६ साली, ब्रसेल्सजवळ विल्व्होर्ड येथे विल्यम टिंडेल यांना खांबाला बांधून गळा आवळून मारण्यात आले व त्यांचे प्रेत जाळण्यात आले. पवित्र शास्त्र इंग्रजीत आणण्यास स्वदेशी मुभा मिळेना, म्हणून ते परदेशी गेले होते. तीनच वर्षांनी हेन्रीच्याच आज्ञेने मोठे इंग्रजी बायबल छापले गेले आणि त्यात टिंडेल यांचे पुष्कळ श्रम सामावलेले होते. पुढे १५४३ च्या कायद्याने कारागीर, उमेदवार, नोकर, शेतकरी, मजूर आणि सामान्य स्त्रिया यांना ते वाचण्यास बंदी झाली. म्हणजे जत्रेतील त्या लोहाराला आणि माझ्या नातीच्या झग्यातील त्या मोलकरणीला!

मी हे बोलून दाखवताच भाची म्हणाली, "मामा, एक दिवस पोरांना खेळू द्या ना. त्यात कुणाचे काय बिघडते?"

हा प्रश्न मी उडवून लावू शकलो नाही. खेळ हे पाप नव्हे. ज्या मुलांनी भाता कधी पाहिला नाही, त्यांना लोहार दाखवणे चांगलेच. मग मला टोचत होते ते काय?

अरण्यात इस्राएल लोकांना मिसरातील मासळी, काकड्या, कांदे व लसूण आठवले. त्यांची आठवण खोटी नव्हती. नाईलच्या काठी मासळी होतीच. पण विटा आणि मुकादमांचे फटके ते विसरले होते. आठवण अर्धी राहिली, आणि अर्ध्या आठवणीने त्यांचे मन दास्याकडे वळवले. याउलट वल्हांडणाच्या भोजनात देवाने कोकऱ्यासोबत कडू भाजी ठेवली. सण करा, पण कडू भाजीसह.

संध्याकाळी गवतावर बसून मी पोरीला टिंडेल यांची गोष्ट सांगितली. आपल्या झग्याकडे पाहत तिने विचारले, "मग हिला वाचायला कुणीच दिलं नाही?" मी म्हणालो, "राजा मेल्यावर १५४७ साली तो कायदा रद्द झाला." ती पुन्हा खेळायला पळाली. तिचा आनंद मी हिरावला नाही, असे मला वाटते.

वाचकहो, आपल्या मंडळ्यांचे शताब्दी महोत्सव आठवा. आपण मिशनऱ्यांचे वेष करतो, बैलगाडीतून मिरवणूक काढतो, गोड जेवण करतो. पण ज्यांना बाप्तिस्म्यानंतर घराबाहेर काढले गेले, ज्यांच्या माउलीने दार लावून घेतले, आणि ज्यांना आपणच मंडळीत मागच्या बाकावर बसवले, त्यांची नावे त्या दिवशी कोण घेतो? जत्रेतल्या राजापुढे लवणाऱ्यांना मी हसलो नाही. आपल्याही पंगतीत कडू भाजी वाढायची राहून गेली आहे.