मार्ककृत शुभवर्तमानाचीं शेवटचीं बारा वचनें

(वाचावयाचा भाग : मार्क १६ : १-२०)



शहरांत शिकून आलेला एखादा मुलगा नव्या आवृत्तीचें बायबल उघडतो, मार्काच्या सोळाव्या अध्यायावर बोट ठेवितो आणि उपदेशकास विचारितो, "मास्तर, येथें कंस कां घातला आहे? तळाशीं टीप आहे कीं नवव्या वचनापासून विसाव्यापर्यंतचा भाग सर्वांत जुन्या प्रतींत नाहीं. मग तो कोणीं लिहिला?" कित्येक उपदेशक बंधू यावर रागावतात व शंका काढणें हें सैतानाचें काम आहे, असें सांगून मुलास गप्प बसवितात. मुलगा गप्प बसतो खरा, परंतु पुढच्या रविवारीं तो उपासनेस येत नाहीं. त्यास उत्तर मिळालें पाहिजे, व तें उत्तर खरें असलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

टीपेंत लिहिलें आहे तें खरें आहे. मार्काच्या हातची प्रत आज कोठेंही नाहीं. छापखाने होण्यापूर्वीं चौदाशें वर्षें एका प्रतीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी हातानेंच नक्कल होत आली. ज्यांत मार्काचें संपूर्ण शुभवर्तमान आहे अशा सर्वांत जुन्या ग्रीक प्रती दोन असून त्या चौथ्या शतकांतल्या आहेत. एक रोम येथें व्हॅटिकनच्या ग्रंथसंग्रहांत आहे; दुसरी सीनाय पर्वताच्या मठांत टिशेनडॉर्फ नांवाच्या जर्मन पंडिताच्या दृष्टीस पडली व तिचा बहुतेक भाग आज लंडन येथें आहे. दोहोंतही मार्क आठव्या वचनाशीं संपतो. स्त्रिया थरथर कांपत कबरेपासून पळाल्या आणि भीतीमुळें कोणास कांहीं बोलल्या नाहींत, येथेंच लेखणी थांबली आहे. त्याच शतकांत मंडळीचा इतिहास लिहिणारा युसेबियस यानेंही सांगितलें आहे कीं चांगल्या प्रती येथेंच थांबतात. म्हणजे ही गोष्ट आजच्या नास्तिकांनीं शोधून काढिली असें नव्हे. प्राचीन मंडळीस ती ठाऊकच होती.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सुमारें इ. स. १८० त इरेनियस या बिशपानें या बारा वचनांतील एक वचन मार्काचें म्हणून दिलें आहे, आणि पुढील काळच्या बहुतेक सर्व ग्रीक प्रतींत हा भाग आहे. तेव्हां तो फार जुना आहे यांत शंका नाहीं. प्रश्न इतकाच कीं तो मार्काच्या हातचा आहे काय? याविषयीं ग्रीक न येणाऱ्यासही एक गोष्ट पाहतां येईल. पहिल्या वचनांत मग्दालीया मरीयेचें नांव येतें. आणि नवव्या वचनांत, जणूं तिचें नांव पूर्वीं निघालेंच नाहीं, अशा रीतीनें तिची नव्यानें ओळख करून दिली आहे. घरांत येऊन बसलेल्या पाहुण्याची घरच्यांस पुन्हां ओळख कोण करून देतो?

या कामीं दोन विधवा बहिणींनीं जी सेवा केली ती आमच्या भगिनींनीं अवश्य ऐकावी. अॅग्नेस लुईस व मार्गारेट गिब्सन या स्कॉटलंडांतील प्रेसबिटेरियन मंडळींत वाढलेल्या जुळ्या बहिणी होत्या. कोणत्याही विद्यापीठाची पदवी त्यांस नव्हती. अॅग्नेसबाई सुरियानी भाषा शिकल्या. ही आपल्या प्रभूच्या बोलीच्या जवळची भाषा, आणि मलबारच्या जुन्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनेची भाषा. सन १८९२ त या बहिणी उंटांवरून वाळवंट तुडवीत सीनायच्या मठांत गेल्या. तेथें त्यांस एक मळकट चर्मपत्रांचें पुस्तक दिसलें. वर संत स्त्रियांचीं चरित्रें लिहिलीं होतीं. पण खालीं खरवडून काढिलेलीं जुनीं अक्षरें पुसट दिसत होतीं. तीं शुभवर्तमानाचीं होतीं! त्यांनीं पानापानाचीं छायाचित्रें घेतलीं. हें शुभवर्तमानाचें अत्यंत जुनें सुरियानी भाषांतर ठरलें, आणि त्यांतही मार्क आठव्या वचनाशींच संपतो. ज्या बाईंनीं हें उजेडांत आणिलें त्या कांहीं विश्वास मोडावयास निघाल्या नव्हत्या.

बेंगल यांची गोष्टही अशीच आहे. सन १७०७ त ऑक्सफर्ड येथें जॉन मिल यांनीं तीस वर्षांच्या श्रमानें नवा करार छापिला व त्यांत निरनिराळ्या प्रतींतील सुमारें ३०,००० पाठभेद दाखविले. धर्मनिंदकांस आनंद झाला, भाविक घाबरले. जर्मनींतील योहान बेंगल हा भक्तिमान तरुणही अस्वस्थ झाला. परंतु त्यानें पुस्तक मिटून ठेविलें नाहीं. पुष्कळ वर्षें प्रती ताडून पाहून त्यानें सन १७३४ त स्वतःचा नवा करार प्रसिद्ध केला. त्याचें म्हणणें असें होतें कीं या भेदांनीं आपल्या विश्वासाचें एकही कलम ढळत नाहीं. त्यानें एक नियमही घालून दिला : दोन पाठांपैकीं जो कठीण तोच बहुधा मूळचा, कारण नक्कल करणारा कठीण वाक्य सोपें करितो, सोपें वाक्य मुद्दाम कठीण करीत नाहीं. हा नियम आपल्या प्रश्नास लावून पाहा. भीतीनें मुक्या झालेल्या स्त्रियांपाशीं ग्रंथ संपतो हें एखाद्या नकलनविसास अपुरें वाटून त्यानें शेवट जोडणें सहज समजतें. उलट, प्रभूच्या दर्शनाचा व स्वर्गारोहणाचा गोड शेवट कोणी कापून टाकील काय?

सर्व विद्वानांस हें पटलें असें नाहीं. इंग्लंडांत बर्गन नांवाच्या धर्मगुरूंनीं सन १८७१ त या बारा वचनांच्या समर्थनार्थ मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचा आवेश आम्हांस आवडतो, पण त्यांचें प्रमाण तोकडें पडतें. सन १८८१ त वेस्टकॉट व हॉर्ट यांनीं हीं वचनें दुहेरी कंसांत छापिलीं. हे वेस्टकॉट पुढें बिशप झाले, आणि त्यांचे पुत्र हिंदुस्थानांत सेवेस आले. त्यांपैकीं फॉस वेस्टकॉट हे सन १९१९ पासून १९४५ पर्यंत कलकत्त्याचे बिशप होते. पुस्तकांत कंस घालणाऱ्या पित्याच्या घरीं असे पुत्र वाढले.

आतां शंकाखोर पुढचें पाऊल टाकितो : शेवट मागाहून जोडिला, तर पुनरुत्थानही मागाहूनच जोडिलें! येथें उपदेशकानें घाबरूं नये व गोंधळूंही नये. आठव्या वचनापर्यंतच्या मार्कांत उठलेल्या प्रभूचें दर्शन नाहीं, हें मोकळेपणानें कबूल करावें. परंतु रिकामी कबर आहे. प्रभू उठला असून गालीलांत भेटेल, हा शुभ्रवस्त्रधारी तरुणाचा निरोपही आहे. शिवाय पौलानें करिंथच्या मंडळीस पहिलें पत्र सुमारें इ. स. ५५ त लिहिलें. मार्काचा ग्रंथ बहुतेक विद्वान सन ७० च्या सुमारास घालितात. त्या पत्राच्या पंधराव्या अध्यायांत पेत्र, बारा जण, पांचशेंहून अधिक बंधू व याकोब यांस प्रभू दिसल्याचें लिहून पौल म्हणतो कीं हें त्यास इतरांकडून मिळालेलें आहे. ट्युबिंगेनचा प्रोफेसर बाऊर हा एकोणिसाव्या शतकांतील मोठा संशयी. त्यानें पौलाचीं म्हणून चारच पत्रें मान्य केलीं, परंतु त्या चारांत हें पत्र आहे.

आणखी एक गोष्ट आमच्या मनास फार लागते. याच बारा वचनांत सर्प उचलण्याचें व विष बाधणार नाहीं असें वचन आहे. अमेरिकेच्या डोंगराळ भागांत कित्येक मंडळ्यांनीं यावरून उपासनेंत जिवंत विषारी सर्प हातीं घेण्याची चाल पाडिली. तिचा मोठा पुरस्कर्ता जॉर्ज हेन्स्ली सन १९५५ त सर्पदंशानेंच मेला. त्याच्यामागें इतरही मेले आहेत. आपल्या शेतांत नाग, घोणस व फुरसें आहेत, आणि शेजारी थट्टेनें म्हणतात, "तुमच्या शास्त्रांत लिहिलें आहे ना? मग धरा!" जो उपदेशक या शब्दांवर मंडळीचा जीव टांगील तो कशावर टांगीत आहे हें त्यास ठाऊक असावें. मिलिता बेटावर पौलाच्या हातास सर्प डसला तो लांकडांच्या मोळींतून निघाला होता. पौलानें त्यास शोधून धरिलें नव्हतें. सर्पदंश झालेल्या मनुष्यास प्रार्थना करीत करीतच, पण विलंब न लावतां दवाखान्यांत न्यावें.

मग हीं वचनें फाडून टाकावीं काय? मुळींच नाहीं. मंडळीनें तीं सतराशेंहून अधिक वर्षें वाचिलीं आहेत, आणि त्यांतील बहुतेक गोष्टी इतर शुभवर्तमानांत व प्रेषितांच्या कृत्यांत सांपडतात. तीं वाचावीं, परंतु केवळ त्यांच्याच आधारावर कोणतीही शिकवण उभारूं नये. येत्या पुनरुत्थानाच्या सणास एकदां आठव्या वचनाशीं थांबून पाहावें, व त्या स्त्रियांच्या भीतीविषयीं मंडळीशीं बोलावें. त्या कायमच्या मुक्या राहिल्या असत्या तर मार्कास ही हकीकत कळली कशी, हें मंडळीसच विचारावें. नंतर तळची टीप मोठ्यानें वाचावी, ती शक्य तर शिकून आलेल्या मुलाकडूनच वाचून घ्यावी, आणि मग पौलाचा तो पंधरावा अध्याय उघडावा.