औषधाची पोच



पूर्वी मुंबईत नोकरीला असलेला मुलगा गावी आईला मनीऑर्डर पाठवीत असे. पैसे भरल्याची पावती त्याला लगेच मिळे. पण आईच्या सहीची किंवा अंगठ्याची पोच हाती येई, तेव्हाच त्याचा जीव भांड्यात पडे. पाठवणे आणि पोहोचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या साध्या माणसाला ठाऊक होते. आज औषधांच्या एका नव्या वाटेवर हाच प्रश्न उभा आहे, आणि तो जितका शास्त्राचा तितकाच नीतीचा आहे.

आपल्या पेशी सतत अतिसूक्ष्म पिशव्या बाहेर सोडत असतात. त्यांना एक्झोसोम म्हणतात. आकार साधारण ३० ते १५० नॅनोमीटर; एका केसाच्या जाडीत अशा शेकडो पिशव्या ओळीने मावतील. १९८३ साली कॅनडा व अमेरिकेतील संशोधकांना त्या अपरिपक्व तांबड्या पेशींत आढळल्या. तेव्हा हा पेशींचा केरकचरा असावा असे वाटले. पुढे कळले की एक पेशी दुसरीला यांतून निरोप धाडते. मग यांतच औषध भरले तर? २०११ मध्ये ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनी अशा पिशव्यांतून जनुकावर काम करणारे द्रव्य उंदराच्या मेंदूपर्यंत पोहोचवले. मेंदूभोवतीची नैसर्गिक तटबंदी बहुतेक औषधांना आत शिरू देत नाही. म्हणून या बातमीने मोठी आशा निर्माण केली.

पण शिरेतून टोचलेल्या पिशव्या नेमक्या कुठे जातात? हे पाहण्यासाठी त्यांना खूण लावतात. कधी चमकणारा रंग, तर कधी टेक्नेशियमसारखे किरणोत्सारी द्रव्य, ज्याचा जोर दर सहा तासांनी निम्मा होतो. हाडांच्या स्कॅनसाठी आपल्यापैकी काहींना हेच टोचले गेले असेल. बाहेरचा कॅमेरा मग त्या खुणेचा माग काढतो. २०१५ मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील संशोधकांनी उंदरांवर असा माग काढला, तेव्हा बराचसा माल यकृतात आणि प्लीहेत गेलेला दिसला. शिवाय रंगाची खूण पिशवीपासून सुटूही शकते. पाकीट फाटून जाते, पण वरचे तिकीट चमकत राहते, आणि पाहणाऱ्याला वाटते की पत्र पोहोचले.

यातून पहिला धडा असा: सांगण्याआधी बघा. २०१९ मध्ये अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात, एक्झोसोम म्हणून विकलेली, मान्यता नसलेली उत्पादने घेतल्यावर काही रुग्णांना गंभीर त्रास झाला. त्या डिसेंबरात तेथील अन्न व औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला की असे एकही उत्पादन मान्यताप्राप्त नाही. आजाराने टेकीला आलेला माणूस आशेसाठी घरदार विकायला तयार होतो. आत काय जाते आणि कुठे जाते हे न पाहताच त्याला भरवसा देणे, ही त्याची फसवणूक आहे. हेतू चांगला होता, एवढ्याने ती धुतली जात नाही.

दुसरा धडा याच्या उलट बाजूचा: बघण्याआधी सांगा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात फर्नाल्ड नावाची मुलांची निवासी संस्था होती. काही मुले मतिमंद म्हणून, तर काही केवळ निराधार म्हणून तेथे ठेवलेली. १९४६ ते १९५३ या काळात त्यांपैकी काहींना नाश्त्यातून किरणोत्सारी लोह व कॅल्शियम देण्यात आले. अन्नातले हे घटक शरीरात कुठे जातात ते पाहायचे होते. मुलांना ‘सायन्स क्लब’चे सभासद केले, जादा दूध दिले, बेसबॉलचे सामने दाखवले. पालकांना पाठवलेल्या पत्रात किरणोत्साराचा शब्दही नव्हता. पुढे चौकशी समितीला आढळले की मात्रा अल्प होती, शारीरिक इजा झाली असण्याची शक्यता कमी होती. तरीही १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी अशा प्रयोगांबद्दल देशातर्फे माफी मागितली. इजा अल्प होती, मग माफी कशाची? मुलांना माणूस न मानता साधन मानल्याची.

१९५२ साली पोप बारावे पायस यांनी वैद्यकीय संशोधकांपुढे बोलताना हेच स्पष्ट केले होते. शास्त्राची प्रगती मोलाची आहे, पण ते सर्वोच्च मूल्य नव्हे. आणि रुग्ण जेवढा अधिकार देईल तेवढाच डॉक्टरला त्याच्यावर असतो.

कोणी म्हणेल, ‘अडाणी माणसाला हे काय कळणार? उगाच घाबरेल.’ पण घाबरण्याचा आणि घाबरून नाही म्हणण्याचा हक्क त्याचाच आहे. इंग्रजी फॉर्मवर बोट दाखवून ‘इथे सही करा’ म्हणणे ही संमती नव्हे. शिवाय एक गोष्ट विसरू नये. सुरुवातीच्या चाचण्यांत जो रुग्ण आपल्या शरीरात असा माग काढू देतो, त्याला स्वतःला बहुधा काहीच लाभ होत नाही. ते चित्र उद्याच्या अनोळखी रुग्णासाठी असते. म्हणजे ते दान आहे. जाणून, स्वखुशीने दिले तरच ते दान. न सांगता घेतले तर ती चोरी.

तेव्हा आपल्या घरातल्या कोणाला उद्या नव्या उपचाराबद्दल विचारले गेले, तर संकोच न करता चार प्रश्न विचारा. यात काय आहे? ते शरीरात कुठे जाते? ते माणसात कोणी पाहिले आहे का? आणि मी नाही म्हटले, तर माझ्या चालू उपचारात फरक पडेल का? प्रामाणिक डॉक्टरला या प्रश्नांचा राग येणार नाही. ज्याला येईल, त्याच्याकडे सही करण्याची घाई करू नका.