आभाळ कोरडं असताना

मे महिन्यातली पहाट. जव्हारजवळच्या शिरपामाळावर उभं राहिलं की खालच्या उतारांवर पांढुरके पट्टे तरंगताना दिसतात. नवखा माणूस त्याला धुकं समजतो. इथल्या माणसाला वासावरूनच कळतं, काल संध्याकाळी कुणीतरी राब भाजला आहे.

भाताच्या आणि नागलीच्या रोपांसाठी जमीन तयार करायची ही इथली जुनी रीत. झाडांची टहाळं आधीच तोडून वाळत टाकलेली असतात. शेताच्या एका तुकड्यावर शेण, टहाळं, पालापाचोळा आणि गवत यांचे थर रचायचे, वरून बारीक माती पसरायची आणि वाऱ्याच्या उलट दिशेने आग लावायची. वर माती असल्यामुळे जाळ भडकत नाही. तो सावकाश धुमसतो, तणाचं बी जाळतो, आणि राख जमिनीत मुरते. हे काम चालतं तेव्हा डोक्यावर ढगाचा ठिपकाही नसतो. विहिरींचा तळ दिसू लागलेला असतो. बाया उजाडायच्या आत हंडे घेऊन निघालेल्या असतात. अशा दिवसांत शेतकरी न आलेल्या पावसासाठी राखेने हात काळे करून घेतो.

ख्रिस्ती आशा कशी असते असं कुणी विचारलं, तर मी त्याला तो भाजलेला काळा चौकोन दाखवीन. पाऊस दगा देऊ शकतो हे शेतकऱ्याला माहीत असतं, तशी वर्षंही त्याने काढलेली असतात. तरी तो राब भाजतो. कारण ज्याने राब भाजला नाही, त्याच्यासाठी पाऊस वेळेवर येऊनही उपयोगाचा नसतो.

या डोंगरांना संकटं नवी नाहीत. १९९२-९३ साली याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात कुपोषणाने मुलं दगावली. आजही पिकं निघाली की दिवाळीनंतर घरंच्या घरं वीटभट्ट्यांवर कामाला निघतात, लेकरांसकट. शेजारच्या मोखाडा तालुक्याच्या हद्दीत मध्य वैतरणा धरण आहे. त्याचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात तालुक्यातल्या पाड्यांना टँकरची वाट पाहावी लागते. २०१८च्या नोव्हेंबरपासून पलीकडे डहाणू-तलासरीत जमीन हादरू लागली, तेव्हा घर असूनही लोक भर थंडीत अंगणात झोपले.

युद्ध, दुष्काळ, भूकंप हे शब्द एकत्र कानांवर आले की ख्रिस्ती माणसाला मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २४वा अध्याय आठवतो. जैतुनाच्या डोंगरावर शिष्यांनी प्रभू येशूला विचारलं होतं, हे सगळं कधी होणार? प्रभूने तारीख सांगितली नाही. तो दिवस पित्याशिवाय कुणालाही ठाऊक नाही, एवढंच सांगितलं. घाबरून जाऊ नका म्हटलं. आणि एक इशारा दिला, जो आपण भूकंपांची मोजदाद करताना विसरतो: अधर्म वाढेल तेव्हा पुष्कळांचं प्रेम थंड होईल. कठीण काळातला खरा धोका हाच. घर पडलं तर पुन्हा बांधता येतं. प्रेम थंडावलं की घर उभं असूनही आत कुणी राहत नाही.

मग तयार कसं राहायचं? त्याच अध्यायाच्या शेवटी प्रभूने एका चाकराचा दाखला दिला आहे. धनी बाहेर गेला आहे, कधी परतेल याचा नेम नाही. घरच्यांना वेळच्या वेळी जेवायला घालण्याचं काम त्याने एका चाकरावर सोपवलं आहे. धनी येईल तेव्हा जो चाकर हेच काम करताना सापडेल, तो धन्य. मला हा दाखला वाचताना दरवेळी भरून येतं. जगाच्या शेवटाबद्दलचं एवढं मोठं बोलणं, आणि ते येऊन थांबतं भाकरीपाशी. ती वेळेवर वाढली गेली का, एवढंच धनी पाहणार आहे.

आपल्या महाराष्ट्रात एका बाईने हा दाखला जगून दाखवला. पंडिता रमाबाईंचे आईवडील १८७४च्या दुष्काळात गेले. भूक काय असते हे त्यांना पोथीतून शिकावं लागलं नाही. १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि खंगलेल्या मुलींना घेऊन केडगावला आल्या. तिथे विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना घातला. साध्या बायकांना वाचता यावं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणायला घेतलं. केडगावच्या या मुलीच टाइप जुळवत होत्या. १९२१मध्ये एकुलती एक लेक मनोरमा वारली. रमाबाई स्वतः आजारी होत्या, तरी काम सोडलं नाही. ते पुरं करून ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. प्रभूची वाट पाहणारी ही बाई रिकाम्या हाताने आभाळाकडे बघत बसली नव्हती. तिच्या हाती विहिरीचं काम होतं, भुकेल्या मुलींचं ताट होतं, छपाईची मुद्रितं होती. धन्याने यावं ते अशाच वेळी.

जिथून आपण राबाचा धूर पाहिला, तो शिरपामाळही मुळात वाट पाहणाऱ्याच्या मुक्कामाची जागा. १६६४ साली सुरतेच्या वाटेवर शिवाजी महाराज इथे थांबले, जव्हारच्या राजांनी शिरपेच देऊन त्यांचा मान केला आणि त्यावरून माळाला हे नाव मिळालं, असं इथले लोक सांगतात. मुक्कामावरचा माणूस झोपतो, पण खोगीर जवळ ठेवून. पहाटे हाक येईल हे त्याला माहीत असतं. म्हणून तो सामान फार पसरत नाही, कुणाशी भांडण शिल्लक ठेवत नाही, आणि शेजाऱ्याने पाणी मागितलं तर उद्यावर टाकत नाही. आपलं इथलं राहणं असंच एका रात्रीचं आहे.

तेव्हा आजच्या दिवसापुरतं एवढं करू. भट्टीवरून परतलेल्या शेजारच्या घरात चूल पेटली आहे का, ते पाहून येऊ. ज्याच्याशी बोलणं तुटलं आहे त्याला आपण होऊन हाक मारू. बातम्यांनी मन काळवंडलं तर देवाजवळ बसू आणि उठून हातातलं काम पुढे नेऊ. आपला राब एवढाच.

हे प्रभू, तू कधी येणार ते आम्हांला माहीत नाही, आणि ते माहीत नसल्याचं ओझं आता आम्ही तुझ्यापाशी ठेवतो. आभाळ कोरडं असताना हात चालते ठेव. आमचं प्रेम थंडावू देऊ नकोस. तू येशील तेव्हा आमच्या दारी कुणीतरी जेवत असू दे. आमेन.