झरणीवरील सोने

सुंदर वस्तू जपून ठेवावी की वापरावी, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती आहे. आपल्याकडील बहुतेक घरांत तो कधी ना कधी उभा राहतो. आजीची पैठणी वर्षातून एकदा हवा खाण्यापुरती पेटीबाहेर येते आणि पुन्हा पेटीत जाते. चांदीची ताटे पाहुण्यांची वाट पाहत काळी पडतात. जपणाऱ्यास आपण काटकसरी म्हणतो, वापरणाऱ्यास प्रसंगाप्रमाणे रसिक किंवा उधळ्या. परंतु या घरगुती प्रश्नाच्या तळाशी एक नैतिक प्रश्न आहे. दुसऱ्या माणसाच्या आयुष्याचा काही भाग जिच्यात जिरला आहे, अशा वस्तूचे आपण मालक झालो, तर आपल्यावर कोणते कर्तव्य येते?

अशा प्रश्नाचा विचार करावयाचा तर एखादे टोकाचे उदाहरण घ्यावे. जपानमधील कारागिरांनी ते आपल्यासाठी तयार ठेवले आहे. उरुशी नावाच्या रोगणाने मढविलेली आणि सोन्याच्या रजाने चित्रित केलेली फाउंटन पेन, म्हणजे आपल्या भाषेतील झरणी, हे ते उदाहरण होय. झरणी हे रोजच्या कामाचे हत्यार. पण ही झरणी घडविण्यास कित्येक महिने लागतात, आणि ती विकत घेणाऱ्यांपैकी काहीजण तिच्यात शाईचा एक थेंबही कधी भरीत नाहीत.

प्रथम हे रोगण समजून घेऊ. उरुशी म्हणजे आपली लाख नव्हे. लाख किड्यापासून मिळते. उरुशी हा एका झाडाचा चीक आहे, आणि ते झाड आंबा, काजू व बिब्बा यांच्याच कुळातले आहे. बिब्बा उतणे म्हणजे काय, कैरीचा चीक ओठास लागला तर काय होते, काजू भाजताना टरफलातील तेल अंगावर उडाले तर कातडीची काय दशा होते, हे गोव्यात आणि कोकणात कोणास सांगावयास नको. उरुशीचा दाह त्याच जातीचा. नव्या शिकाऊ कारागिराचे हात आणि तोंड सुजणे ही त्या धंद्याची जणू दीक्षाच असते. झाड दहा ते पंधरा वर्षांचे झाले म्हणजे उन्हाळ्यापासून शरदापर्यंत त्याच्या सालीवर आडव्या चिरा पाडून हा चीक थोडाथोडा खरवडून घेतात. साऱ्या हंगामात एका झाडापासून सुमारे २०० ग्रॅम उरुशी हाती येते. हंगाम संपला की बहुधा ते झाड तोडतात; बुंध्यापासून नवे धुमारे फुटतात आणि पुन्हा तितक्याच वर्षांची वाट पाहणे सुरू होते. आज जपानात लागणारी बहुतेक उरुशी चीनमधून येते. देशी उरुशीचे मुख्य ठिकाण म्हणजे उत्तरेकडील इवाते प्रांतातील जोबोजी.

हिची घट्ट होण्याची रीतही न्यारी आहे. इतर रंग कोरड्या हवेत वाळतात. उरुशीला ओलावा लागतो. दमट आणि उबदार हवेत तिच्यातील एक किण्वद्रव्य हवेतील प्राणवायूशी तिचा संयोग घडवून आणते आणि ती कठीण होते. यासाठी ७० ते ८५ टक्के आर्द्रता राखलेली लाकडी कपाटे असतात. पातळ थर द्यावयाचा, तो घट्ट होईपर्यंत थांबावयाचे, कोळशाने घासून सपाट करावयाचा आणि पुन्हा नवा थर द्यावयाचा, असा हा क्रम चालतो. रोगण पसरण्याचा कुंचला माणसाच्या केसांचा. बारीक रेषेचा कुंचला परंपरेने उंदराच्या केसांचा. ओल्या उरुशीने चित्र रेखून ते घट्ट होण्यापूर्वी त्यावर नळीतून सोन्याची रज शिंपडतात. म्हणूनच या कलेस माकी-ए, म्हणजे शिंपडलेले चित्र, असे नाव पडले. एका प्रकारात तर तयार झालेले चित्र रोगणाच्या नव्या थराखाली बुडवून टाकतात आणि मग घासून घासून त्याला पुन्हा वर आणतात. कारागिराचे पुष्कळसे काम खालच्या थरांत कायमचे झाकलेले राहते. ते तेथे आहे याचा पुरावा एवढाच, की वरचा थर वर्षानुवर्षे टिकतो.

ही कला झरणीवर कशी आली? नामिकी र्‍योसुके आणि वादा मासाओ यांनी १९१८ साली टोकियोत झरण्यांचा कारखाना काढला. त्या काळी झरणीचे अंग एबोनाइटचे, म्हणजे गंधक मिसळून कठीण केलेल्या रबराचे, असे. एबोनाइट नवे असता काळेभोर दिसते; पण ऊन, हवा आणि हाताचा घाम लागून ते विटते आणि त्यावर तपकिरी कळा येते. यावर उपाय म्हणून एबोनाइटवर उरुशी चढविण्याची रीत या कारखान्याने १९२५ च्या सुमारास सिद्ध केली. सोने मागाहून आले. कानाझावाकडचे थोर कारागीर मात्सुदा गोनरोकू (१८९६-१९८६) या कामात सामील झाले. १९३० मध्ये लंडनच्या डनहिल पेढीशी करार होऊन या झरण्या युरोपात गेल्या. १९३१ मध्ये मात्सुदांच्या नेतृत्वाखाली कोक्कोकाई नावाचा कारागिरांचा संघ स्थापन झाला. १९३८ मध्ये कंपनीने पायलट हे नाव घेतले. मात्सुदांना १९५५ मध्ये राष्ट्राचा जिवंत ठेवा हा सन्मान मिळाला.

या इतिहासातील एक गोष्ट आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. उरुशी झरणीवर आली ती शोभेसाठी नव्हे. रोज हाताळले जाणारे अंग विटू नये म्हणून ती आली. जी वस्तू मुळी वापरापासून अंगाचे रक्षण करण्यासाठी आली, तिच्याच रक्षणासाठी वापर बंद करावा, ही मोठी चमत्कारिक परिणती म्हणावी लागेल.

परंतु त्याआधी एका गंभीर आक्षेपास उत्तर द्यावयास हवे. जे काम साधी निब आणि साधी नळी चोख करते, त्यासाठी एका माणसाचे कित्येक महिने आणि झाडांची कित्येक वर्षे खर्च करणे योग्य आहे काय? हा आक्षेप परक्यांनी घेतलेला नाही. ज्या १९२५ साली उरुशीची झरणी आकार घेत होती, त्याच साली जपानमधील विचारवंत यानागी सोएत्सु (१८८९-१९६१) आणि त्यांचे कुंभार मित्र यांनी लोककलेसाठी मिंगेई हा नवा शब्द घडविला. अनाम कारागिराने सामान्यांच्या नित्य उपयोगासाठी, अल्प किमतीत आणि विपुल प्रमाणात घडविलेल्या वस्तूंतच निरोगी सौंदर्य असते, असे त्यांचे मत होते. धनिकांसाठी घडविलेल्या, नाव कोरलेल्या, नटव्या वस्तूंकडे ते संशयाने पाहत. कारागिराच्या सहीची सोनेरी झरणी त्यांच्या कसोटीस उतरणे कठीणच.

या आक्षेपात तथ्य आहे आणि ते नाकारू नये. अशी झरणी सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची असते, आणि मालकाने ती कितीही भक्तीने वापरली तरी हे वैषम्य पुसले जात नाही. तथापि अलंकार म्हणजे केवळ श्रीमंतीचे प्रदर्शन, हे मात्र सरसकट खरे नव्हे. तानिझाकी जुनिचिरो यांनी १९३३ च्या आपल्या छायेविषयीच्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले आहे, की रोगणावरील सोने हे भरदिव्याच्या उजेडात एका नजरेत पाहण्यासाठी नसून मंद प्रकाशात तुकड्यातुकड्याने उजळण्यासाठी आहे. झरणीच्या बाबतीत हे अधिकच लागू पडते. तिचे अंग गोल. चित्र तिच्याभोवती वळलेले. लिहिणाऱ्याच्या बोटांखाली अर्धे झाकलेले, अर्धे पाठीमागे गेलेले असे ते चित्र संपूर्ण असे कधी दिसतच नाही. समोर बसलेल्यास तर त्याची एखादी कडा तेवढी चमकताना दिसते. पाहणाऱ्यापेक्षा धरणाऱ्यासाठी असलेला हा अलंकार आहे, आणि धरणाराच नसेल तर तो अपुरा राहतो.

आता दुसऱ्या पक्षाचे म्हणणे ऐकू. जपून ठेवणारा म्हणतो, की मी या श्रमाचा मान राखतो. माझ्या बोटांच्या घर्षणाने सोन्याची रेष झिजली, तर तिच्यासाठी ज्याने डोळे शिणविले त्याचा मी अपराधी होईन. हा युक्तिवाद कंजूषाचा नाही, आदराचा आहे. म्हणून त्याचा अधिक काळजीने विचार करावयास हवा.

गोव्याचा या रोगणाशी जुना संबंध आहे, तो येथे उपयोगी पडेल. सेंट फ्रान्सिस झेवियर १५४९ मध्ये गोव्याहून निघून कागोशिमास उतरले. त्यानंतर गोवा, मकाव आणि नागासाकी या मार्गाने जहाजे जाऊ-येऊ लागली, आणि जपानी कारागीर पोर्तुगीजांसाठी उरुशीच्या, सोन्याच्या आणि शिंपल्यांच्या जडावाच्या वस्तू बनवू लागले. त्यांत पेट्या होत्या, तशीच प्रार्थनेचा ग्रंथ उघडून ठेवण्याची घडीची आसनेही होती. १६३९ मध्ये पोर्तुगीजांना जपानची दारे बंद झाली आणि हा व्यवहार आटोपला. ती आसने आज निरनिराळ्या देशांच्या संग्रहालयांत काचेमागे आहेत, आणि ते योग्यच आहे. त्यांनी आपले काम केले. त्यांच्यावर ग्रंथ ठेवले गेले. आता ती सर्वांची आहेत आणि सर्वांना पाहता येतात. ज्या वस्तूचे कार्य संपले तिला संग्रहालय हे सन्मानाचे स्थान होय. परंतु जिचे कार्य सुरूच झाले नाही, आणि जी कोणासही दिसणार नाही, अशी वस्तू तिजोरीत कोंडणे हा निराळा व्यवहार आहे. तेथे श्रमाचा मान राहत नाही. राहते ती किंमत. भाव चढेपर्यंत वाट पाहणाऱ्यास त्या डबीत झरणी आहे की सोन्याची कांडी, याने काय फरक पडतो?

शिवाय वस्तूचा स्वभाव विचारात घ्यावयास नको काय? उरुशी पाण्याला, दारूला, आम्लाला सहसा दाद देत नाही. तिचा खरा शत्रू म्हणजे प्रखर ऊन. काळाबरोबर तिचे रोगण अधिक पारदर्शक होते, आतील रंग उजळतो, आणि रोज हाती येणाऱ्या वाडग्याला जी झळाळी चढते ती कपाटातील वाडग्याला येत नाही, असे जपानी घरांत मानतात. म्हणजे ऊन पडणाऱ्या खिडकीपाशी शोभेसाठी मांडून ठेवलेल्या झरणीपेक्षा खिशात वागविलेल्या झरणीची उरुशी अधिक सुरक्षित असते. हाताने ती थोडी झिजेल, हे खरे. पण जी झीज होणार हे जाणूनच कारागिराने थरावर थर चढविले, ती झीज म्हणजे त्याचा अपमान नव्हे. ते थर त्या झिजेसाठीच होते. निष्काळजीपणा हा अपराध. वापर हा नव्हे. पडू न देणे, उन्हात न टाकणे, शाई आत सुकू न देणे, एवढे पथ्य पाळले म्हणजे मालकाने आपली बाजू सांभाळली.

येथे आणखी एका झरणीची आठवण ठेवावी. काजूच्या टरफलातील तेलापासून जपानात एक रोगण तयार करतात. ते दिसावयास उरुशीसारखे आणि पुष्कळ स्वस्त असते. ते उरुशी म्हणून विकणे ही लबाडी होय. पण काजूचे रोगण म्हणून विकले तर त्यात काही कमीपणा नाही. माझ्या मते अशा साध्या रोगणाची झरणी रोज हाती घेणारा शिक्षक किंवा कारकून, उरुशीची झरणी डबीत पुरून ठेवणाऱ्यापेक्षा मात्सुदांच्या परंपरेच्या अधिक जवळ आहे.

अखेरीस प्रश्न उरतो तो लिहिण्याचा. ज्या झरणीसाठी झाड कापले गेले, कोणाचे हात उतले, कोणाचे महिने गेले, तिने लिहावे तरी काय? या विचाराने भला माणूस संकोचतो. आपल्या लिखाणाची तेवढी योग्यता नाही असे त्याला वाटते, आणि झरणी पुन्हा डबीत जाते. हा संकोच नम्रतेचा असला तरी चुकीच्या ठिकाणचा आहे. कारागिराने महाकाव्याची अट घातली नव्हती. वाण्याचा हिशोब, आजारी बहिणीस पत्र, मुलाच्या शाळेचा अर्ज, ही सारी माणसाच्या जगण्याची खरी लिखाणे आहेत. त्याने अट घातली असेलच तर ती त्याच्या कामातूनच वाचावयाची: न दिसणारा थरही त्याने खोटा दिला नाही. तेव्हा त्या झरणीने खोटी सही करू नये, कोणाच्या पाठीमागे निनावी निंदा लिहू नये, आणि जे लिहावे ते, कोणी वाचो न वाचो, नीट लिहावे. तिच्या अंगावरचे सोने बोटांनी थोडे फिके झाले, तर झीज कोठे गेली याचा हिशोब कागदावर सापडला पाहिजे.